कानातला रातकिडा

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले होते आणि मी घरातली एकेक वस्तू प्लगमधून काढत फिरत होते. आधी फोनचा चार्जर, मग वायफायचा राउटर, मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज. कुठूनतरी एक बारीक, तीक्ष्ण, सलग आवाज येत होता. आपल्याकडे पावसाळ्यात रात्री रातकिडे किरकिरतात ना, अगदी तसा. फक्त हा मध्ये दम खायलाही थांबत नव्हता. शेवटी मी कोट चढवून घराबाहेर गेले. बर्फ पडलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आवाज तिथेही होताच. कानांवर हात दाबले, तर तो आणखी मोठा झाला. तेव्हा कळलं की हा रातकिडा घरात नाही, माझ्याच डोक्यात आहे.

मी उत्तर इंग्लंडमध्ये राहते आणि एका विद्यापीठात संशोधन करते. पुण्यात असते, तर हा आवाज मला कदाचित कित्येक महिने कळलाही नसता. तिथे रात्रभर पंखा असतो, शेजारच्यांचा टीव्ही असतो, कुत्री असतात, पहाटे दूधवाला येतो. इथे खिडक्यांना दुहेरी काचा आणि बाहेर संध्याकाळी सहानंतर शुकशुकाट. परदेशात आल्यावर पहिले काही महिने ही शांतता अंगावर येते, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. माझ्या कानातला आवाज बहुधा आधीपासूनच होता. इथल्या शांततेनं तो उघडा पाडला.

आठवडाभर झोप लागली नाही, तेव्हा जीपीकडे गेले. त्यांनी कानात बघितलं, मळ नव्हता. श्रवणचाचणी झाली, तीही नॉर्मल आली. मग ऐकायला मिळालं ते वाक्य, जे टिनिटस असलेल्या जवळजवळ प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं असतं: "याला इलाज नाही. सवय करून घ्या." गाडीत येऊन बसले आणि रडले. सवय करून घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मग मला जे येतं ते मी केलं: शोधनिबंध वाचायला घेतले. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग बराचसा खरा होता. सवय होते. पण ती आपोआप होईल असं म्हणून माणसाला घरी पाठवणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला "तरंगत राहा" असं सांगण्यासारखं आहे. सवय का होते, कशी होते आणि ती करून घ्यायला काय मदत करतं, यावर आज बरंच विज्ञान उपलब्ध आहे. तेच तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे. एक खुलासा आधीच करते: मी डॉक्टर आहे ती पीएचडीची, आणि तीही पेशींमधल्या प्रथिनांवरची. हा लेख समजून घेण्यासाठी आहे. तपासणीला पर्याय म्हणून नाही.

तुम्ही एकटे नाही

बाहेर कोणताही आवाज नसताना तो ऐकू येणं म्हणजे टिनिटस. मराठीत आपण साधं "कान वाजतो" किंवा "कानात गुणगुण होते" असं म्हणतो. आयुर्वेदात कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असे शब्द आहेत, म्हणजे तक्रार जुनीच. कुणाला रातकिडा ऐकू येतो, कुणाला प्रेशर कुकरची वाफ, कुणाला जुन्या टीव्हीचा मुंग्यांचा आवाज, कुणाला शंख कानाला लावल्यासारखी घूं घूं.

२०२२ मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना टिनिटसचा अनुभव आहे. म्हणजे ७४ कोटींहून अधिक माणसं. त्यातल्या सुमारे १२ कोटी लोकांना तो तीव्र स्वरूपात आहे. बीथोव्हेननं १८०१ मध्ये आपल्या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रात रात्रंदिवस कान वाजत असल्याची तक्रार केली होती. चेक संगीतकार स्मेतानानं तर १८७६ मध्ये रचलेल्या आपल्या पहिल्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या शेवटच्या भागात कानातला तो स्वरच घातला: सगळी वाद्यं रंगात आलेली असताना अचानक व्हायोलिनवर एक तीक्ष्ण, लांबलेला स्वर येतो. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. कोणीतरी माझा रातकिडा ओळखला होता.

आवाज कानात तयार होतो की मेंदूत?

आधी कान कसा चालतो ते थोडक्यात पाहू. आवाजाच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात, तीन चिमुकली हाडं ती कंपनं आत पोचवतात आणि ती गोगलगाईच्या शंखासारख्या एका नळीत शिरतात. या नळीला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात द्रव भरलेला असतो आणि केसपेशींच्या रांगा असतात. प्रत्येक केसपेशीच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचा झुपका. कंपनानं तो हलला की पेशीतून विद्युत संदेश निघतो आणि श्रवणचेतेवाटे मेंदूकडे जातो. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी तीक्ष्ण आवाज टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खर्जातले.

एका कानात आतल्या रांगेतल्या केसपेशी असतात अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास, आणि बाहेरच्या तीन रांगांमधल्या सुमारे बारा हजार. जन्मभराचा साठा एवढाच. कोंबडीच्या कानातल्या मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या येतात, हे १९८० च्या दशकात कळलं. आपल्या कानात मात्र तसं होत नाही. मोठा आवाज, वाढतं वय, काही औषधं यांनी गेलेली केसपेशी कायमची जाते, आणि बहुतेकदा आधी जातात त्या तीक्ष्ण आवाजांच्या.

मग टिनिटस म्हणजे या जखमी पेशींचं कण्हणं का? बराच काळ तसंच वाटत होतं. पण एका निरीक्षणानं ही कल्पना अडचणीत आली. श्रवणचेतेवर वाढलेली गाठ काढताना कधीकधी ती चेताच कापावी लागते. कान आणि मेंदू यांच्यातली तारच तुटली, म्हणजे आवाज बंद व्हायला हवा. काहींचा कमी झालाही. पण कितीतरी रुग्णांच्या त्या बाजूला ठार बहिरेपण आलं आणि आवाज चालूच राहिला. तार कापूनही रेडिओ वाजतोय, तर गाणं तारेतून येत नाही, एवढं नक्की.

१९५३ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना एकेक करून आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते सांगायला सांगितलं. पाच मिनिटांच्या आत त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं: गुणगुण, शिट्टी, घरघर. खोलीत आवाजच नव्हता. म्हणजे पुरेशी शांतता दिली, तर जवळपास प्रत्येकाला काही तरी ऐकू येतं.

मला सगळ्यात पटलेला प्रयोग २०१२ चा, इथे इंग्लंडमध्येच झालेला. ऐकू नीट येणाऱ्या १८ जणांनी एका कानात सात दिवस सलग सिलिकॉनचं बूच घालून ठेवलं. त्यातल्या १४ जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले. सातव्या दिवशी ज्या ११ जणांना ते स्थिरपणे ऐकू येत होते, त्यांच्या आवाजाची पट्टी तपासली. ती प्रामुख्यानं तीक्ष्ण निघाली, म्हणजे बुचानं जे स्वर सगळ्यात जास्त अडवले होते नेमके तेच! आणि बूच काढल्यावर सगळ्यांचे आवाज नाहीसे झाले.

यातून जे चित्र उभं राहतं ते असं. घरी व्हिडिओ कॉल करताना आईचा आवाज बारीक येऊ लागला, की आपण काय करतो? फोनचा आवाज पूर्ण वाढवतो. आईचा आवाज थोडा मोठा होतो, पण त्याबरोबर आधी न जाणवणारी खरखरही ऐकू येऊ लागते. मेंदू हेच करतो. एखाद्या पट्टीतले संदेश कानाकडून कमी यायला लागले, की मेंदूतली श्रवणकेंद्रं त्या पट्टीचं बटण वाढवतात. चेतापेशी शांततेतही अधूनमधून आपल्या आपण संदेश सोडत असतातच. एरवी ती खरखर कुणाच्या लक्षातही येत नाही. बटण वाढलं की तीच ऐकू येऊ लागते. हात किंवा पाय कापावा लागलेल्या माणसाला नसलेल्या पायात खाज येते, वेदना होतात. त्याचंच हे कानाचं भावंड. यंत्रणेचे बारकावे अजून संशोधकांच्या वादाचा विषय आहेत, पण आवाजाची गादी मेंदूत आहे, यावर आज बहुतेकांचं एकमत आहे.

"तुमची चाचणी नॉर्मल आहे"

मग माझ्यासारख्यांचं काय, ज्यांची श्रवणचाचणी नॉर्मल येते? याचं एक संभाव्य उत्तर २००९ मध्ये बोस्टनच्या दोन संशोधकांनी दिलं. त्यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी उंदरांचं ऐकणं पूर्ववत झालं, केसपेशीही शाबूत होत्या. पण केसपेशी आणि चेतातंतू यांच्यामधले जोड मोजले, तेव्हा शंखाच्या तीक्ष्ण आवाजांच्या भागात जवळजवळ निम्मे जोड कायमचे तुटलेले आढळले.

श्रवणचाचणीत आपल्याला शांत खोलीत बारीक "बीप" ऐकवतात. त्यासाठी थोडे जोडही पुरतात. त्यामुळे निम्मी तार गेली तरी अहवाल नॉर्मल येऊ शकतो. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी नॉर्मल अहवाल असलेल्या टिनिटसच्या रुग्णांमध्ये श्रवणचेतेचा विद्युत प्रतिसाद मोजला आणि तो इतरांपेक्षा कमी भरला. माणसांमधल्या पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष सगळेच जुळणारे नाहीत. तरी "चाचणी नॉर्मल म्हणजे तुमचा भ्रम" असं म्हणता येत नाही, एवढं मात्र ठामपणे सांगता येतं.

हे वाचताना मला माझी कॉलेजची चार वर्षं आठवली. पुण्यात ढोलपथकात होते. जुलैपासून रोज संध्याकाळी नदीकाठी सराव, मग दहा दिवस मिरवणुका. कानात काही घालायचं असतं, हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. सराव संपवून घरी आलं की कान तासभर "सुंऽऽ" करायचे आणि आम्ही त्यावर हसायचो. सकाळी सगळं ठीक. ते "ठीक" पूर्ण ठीक नसावं, असं आता वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण संशय दाट आहे.

मग काहींना त्रास होतो, काहींना का नाही?

माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

टिनिटस असलेल्या माणसाला यंत्रातून वेगवेगळे आवाज ऐकवून "तुमच्या कानातला आवाज यातल्या कितव्याएवढा मोठा आहे?" असं विचारता येतं. उत्तर बहुतेकदा आश्चर्यकारक असतं. त्या पट्टीत माणसाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा तो फार तर पाच-दहा डेसिबलच मोठा निघतो. कुजबुजीच्या आसपास! आणि हा आकडा आणि माणसाला होणारा त्रास यांचा मेळ बसत नाही. मोठा आवाज असलेला माणूस मजेत असतो, बारीक आवाज असलेला रात्र रात्र जागा.

आपला मेंदू आवाजांची सतत निवड करत असतो. रेल्वेलाइनला लागून घर घेतलं, की पहिले आठ दिवस प्रत्येक गाडीला जाग येते. महिन्याभरानं पाहुणा विचारतो, "तुम्हाला झोप कशी लागते हो इथे?" आणि आपण म्हणतो, "कसला आवाज?" गाड्यांचा आवाज कमी झालेला नसतो. मेंदूनं ठरवलेलं असतं, की यात कामाचं काही नाही. तीच आई पाळण्यातलं बाळ जरा कुरकुरलं तरी खडबडून उठते, कारण त्या आवाजावर मेंदूनं "महत्त्वाचं" असा शिक्का मारलेला असतो.

१९९० मध्ये पावेल यास्ट्रेबॉफ या संशोधकानं टिनिटसच्या त्रासाचं याच अंगानं स्पष्टीकरण मांडलं. कानातला आवाज नवा असतो, अनोळखी असतो, बंद करता येत नाही. "मेंदूत गाठ तर नाही ना?", "आता आयुष्यभर असंच?" असे विचार त्याला चिकटले, की मेंदूतली भीतीची आणि भावनांची यंत्रणा त्यावर धोक्याचा शिक्का मारते. धोक्याकडे लक्ष जातंच. लक्ष गेलं की आवाज आणखी जाणवतो, जाणवला की भीती वाढते, भीतीनं झोप उडते, झोप नसली की सगळंच मोठं वाटतं. चक्र पूर्ण.

मी त्या रात्री फ्रिजचा प्लग काढत फिरत होते, तेव्हा हेच चक्र पहिल्यांदा फिरत होतं. आणि "इलाज नाही" या दोन शब्दांनी त्याला आणखी जोराचा धक्का दिला.

म्हणून उपचाराची दोन वेगळी उद्दिष्टं असू शकतात. एक, आवाजच बंद करणं. दुसरं, त्यावरचा धोक्याचा शिक्का पुसणं. सगळ्यांना लागू पडेल असा पहिल्याचा उपाय आज नाही. दुसऱ्याचे आहेत.

आधी हे तपासा

पुढचे प्रकार मात्र "सवय करून घ्या" या रांगेतले नाहीत.

– ऐकू येणं अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी झालं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सर्दीनं कान बसला असेल म्हणून आठवडा घालवू नका. यात स्टेरॉइडचा उपचार लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं.
– आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धप-धप असा येत असेल, तर रक्तवाहिन्यांची तपासणी लागते.
– आवाज कायम एकाच कानात असेल, तर श्रवणचेतेवरची गाठ नाही ना, हे बघण्यासाठी बहुतेकदा एमआरआय करतात. बहुतेकांचा तो स्वच्छ येतो.
– आवाजाबरोबर गरगरणं, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं किंवा नव्यानं अशक्तपणा असेल, तर थांबू नका.
– कधीकधी कारण साधं असतं: कानातला मळ, कानातला संसर्ग किंवा एखादं औषध. मोठ्या मात्रेतलं ॲस्पिरिन, क्विनाइन, जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविकं आणि कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन यांनी कान वाजू शकतो. पण चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.
– आणि या आवाजापायी जगणं नकोसं वाटत असेल, तर ती तातडीचीच वेळ आहे. आजच कोणाला तरी सांगा: डॉक्टरांना, जोडीदाराला, तुमच्या देशातल्या मदतवाहिनीला.

काय उपयोगी पडतं

पहिलं, श्रवणयंत्र. इथे माझ्या बाबांची गोष्ट सांगायला हवी. मी माझ्या आवाजाबद्दल फोनवर बोलले, तेव्हा ते सहज म्हणाले, "अगं, माझा कान तर सहा वर्षं वाजतोय. त्यात काय एवढं!" आई मागून ओरडली, "टीव्ही एवढा मोठा लावतात की खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात, ते सांगा तिला!" बाबा नाशिकला असतात. त्यांनी कानात तेल घालून पाहिलं होतं, कुणी सांगितल्या त्या गोळ्या घेतल्या होत्या, पण श्रवणचाचणी एकदाही केली नव्हती. केली, तेव्हा दोन्ही कानांचं तीक्ष्ण आवाजांचं ऐकणं बरंच कमी झालेलं निघालं. यंत्राला त्यांचा विरोध होता: "लोक म्हातारा म्हणतील." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहात." बऱ्याच वेळानं हसले आणि तयार झाले.

श्रवणयंत्रानं टिनिटसला आराम का पडावा, हे आता तुम्हाला सांगायची गरज नाही. बुचाचा प्रयोग उलटा करायचा. हरवलेले स्वर परत पोचवले, की मेंदूला बटण एवढं वाढवायची गरज उरत नाही, शिवाय बाहेरच्या आवाजांत आतला मिसळून जातो. बाबांचा आवाज गेलेला नाही. पण यंत्र घातलेलं असताना "विसरायला होतं", असं ते सांगतात. ज्यांचं ऐकणं कमी झालंय त्यांच्यासाठी ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत हा उपाय आहे. ज्यांचं ऐकणं चांगलं आहे त्यांना यंत्र देऊ नये, असंही त्यांत म्हटलंय.

दुसरं, पार्श्वभूमीचा आवाज. काळोखात मेणबत्ती डोळ्यांत भरते, उजेडात भरत नाही. झोपताना पावसाचा, पंख्याचा, समुद्राचा मंद आवाज लावून ठेवा. तो कानातल्या आवाजाला बुडवेल इतका मोठा नको. दोन्ही शेजारी ऐकू येतील एवढाच ठेवा, म्हणजे मेंदूला आतल्या आवाजाची धास्ती न बाळगता त्याच्याबरोबर राहायचा सराव होतो. त्यामागचे पुरावे भक्कम नाहीत, पण धोका काही नाही आणि अनेकांची रात्र त्यानं निभावते. मी भारतातून आणलेला जुना टेबलफॅन अंगणाकडे तोंड करून लावते. थंडीतसुद्धा.

तिसरं, आणि ज्याच्यामागे सगळ्यात चांगले पुरावे आहेत ते, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, सीबीटी. नाव ऐकून "म्हणजे मला मानसिक आजार आहे का?" असा प्रश्न पडतो. मलाही पडला होता. पण धोक्याचा शिक्का जर मेंदूतल्या भीतीच्या यंत्रणेनं मारलेला असेल, तर तो पुसायचं कामही तिथेच करावं लागणार. आवाज आल्यावर मनात काय विचार येतात ते टिपायचं, ते तपासायचे, आवाजाच्या भीतीनं टाळलेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा करायच्या, झोपेची घडी बसवायची. नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तला ४९२ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सीबीटीवर आधारलेले टप्प्याटप्प्यांचे उपचार मिळालेल्यांचा त्रास, नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा वर्षभरानंतर स्पष्टपणे कमी होता. २०२० मध्ये २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा झाला, त्याचाही कल याच दिशेनं आहे. या उपचारानं आवाज बारीक होत नाही. तो आयुष्यात व्यापतो ती जागा कमी होते.

मला हे ऑनलाइन कार्यक्रमातून मिळालं, आठ आठवडे. सगळ्यात अवघड गृहपाठ होता पूर्ण शांत खोलीत दहा मिनिटं बसण्याचा. पहिल्या दिवशी घाम फुटला. सहाव्या आठवड्यात मी तिथे बसून उद्याच्या डब्याला काय करायचं, याचा विचार करत होते.

काय उपयोगी पडत नाही

गिंको बिलोबा, मेलाटोनिन, झिंक आणि टिनिटससाठी म्हणून विकली जाणारी इतर पूरकं घेऊ नयेत, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्याकडे कान वाजतो म्हटलं की चक्कर येण्यावरची बीटाहिस्टिनची गोळी बऱ्याचदा लिहून मिळते. निव्वळ टिनिटससाठी ती देऊ नये, असं ब्रिटनची तत्त्वं स्पष्ट म्हणतात. कानात कोमट तेल घालायचा घरगुती उपाय आवाजाच्या उगमापर्यंत पोचूच शकत नाही, आणि पडद्याला भोक असेल तर तो घातक आहे. "टिनिटस तीस दिवसांत गायब" अशी जाहिरात दिसली, तर पैसे खिशात ठेवा.

नव्या प्रयोगांपैकी एक लक्ष ठेवण्यासारखा आहे. जबडा आवळला किंवा मान वळवली, की अनेकांचा कानातला आवाज बदलतो. कारण श्रवणाच्या मार्गावरच्या अगदी पहिल्या स्थानकात चेहरा आणि मान यांच्याकडून येणारे संदेशही मिसळतात. याचा फायदा घेऊन कानाला आवाज आणि त्याच वेळी जिभेला किंवा मानेला सौम्य विद्युत स्पंदनं देणारी उपकरणं बनली आहेत. जिभेवर ठेवायच्या अशा एका आयरिश उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएनं मार्च २०२३ मध्ये परवानगी दिली. मिशिगन विद्यापीठाच्या उपकरणाच्या चाचणीचे निकालही त्याच वर्षी आले. काहींना फायदा दिसतो, पण तो किती, कुणाला आणि किती काळ टिकतो, हे ठरायला आणखी स्वतंत्र चाचण्या लागतील. खिसा रिकामा करण्याआधी थोडं थांबायला हरकत नाही.

कान वाचवा, पण ढोल सोडू नका

जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशोब असा: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८९ ला पाच तास, ९५ ला सव्वा तास, १०१ ला जेमतेम १९ मिनिटं. सगळ्या आठवड्याची मिळून! पुण्यात सीओईपीची मंडळी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर दर वर्षी आवाज मोजतात. काही वर्षी त्याची सरासरीच १०० डेसिबलच्या वर गेली आहे. पथकाच्या मधोमध उभं असणाऱ्याचं काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

गेल्या वर्षी इथल्या मंडळाच्या गणपतीत मी पुन्हा ढोल बांधला. कानात संगीतकार वापरतात ते इअरप्लग होते. ते सगळे स्वर साधारण सारखेच १५ ते २० डेसिबलनं कमी करतात, त्यामुळे ताशाची तर्री नीट ऐकू येते, फक्त लांबून आल्यासारखी. सुरुवातीला मुलं हसली. सरावाच्या तिसऱ्या दिवशी चौघांनी विचारलं, कुठे मिळतात. तुमच्या मंडळात लहान मुलं ताशासमोर नाचत असतील, तर त्यांच्यासाठी कानावर बसणारे मफ नक्की आणा.

एक सावधगिरी मात्र बाळगा: टिनिटस आहे म्हणून दिवसभर कानात बोळे घालून फिरू नका. कान जितके बंद, तितकं मेंदूचं बटण वर. मोठ्या आवाजात संरक्षण, एरवी मोकळे कान.

हा लेख मी रात्री साडेअकराला पूर्ण करते आहे. घर शांत आहे. "रातकिडा" हा शब्द लिहिला तेव्हा आठवलं, की तो आहे. कान दिला तर आत्ताही ऐकू येतोय. गेले तीन-चार तास तो कुठे होता, मला ठाऊक नाही. तुमच्या कानात असा कुणी नुकताच वस्तीला आला असेल आणि तुम्ही हे रात्री दोन वाजता फोनवर वाचत असाल, तर एवढंच सांगते: सुरुवातीचे महिने सगळ्यात कठीण असतात, आणि ते असेच राहत नाहीत. उद्या सकाळी श्रवणचाचणीची वेळ घ्या. आणि आत्ता उठून पंखा लावा.